काडतुसातल्या दाबाची मर्यादा आली कुठून?

नागपूरकराला स्फोटकांचे नियम परके नाहीत. देशभरच्या स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय सेमिनरी हिल्सला आहे, अंबाझरीला आयुधनिर्माणी आहे, आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात तोफाबंदुकांची दारू तयार होते. घरी बसून काडतुसं भरणं हा मात्र आपल्याकडचा छंद नव्हे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत हा छंद सर्रास चालतो आणि नोकरीनिमित्त तिकडे गेलेली आपली मुलंही त्यात रमतात. टेक्सासातल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारलं, "मामा, .४५ कोल्टचं काडतूस एकच, मग काडतुसं भरायच्या पुस्तकात दाबाच्या मर्यादा दोन-दोन कशा?" (.४५ हे गोळीचं इंचातलं साधारण माप आणि दाब म्हणजे दारू पेटल्यावर काडतुसात होणाऱ्या वायूचा.) प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर दीडशे वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

१८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्टचं 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. दर वेळी अंगठ्याने घोडा चढवायचा आणि मग चाप ओढायचा, अशी त्याची रीत. त्याच्या काडतुसात मुळात ४० ग्रेन, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम काळी दारू असे. तेवढ्यानेच पितळी केस, म्हणजे काडतुसाची नळी, गच्च भरे. वर गोळी बसवली की आत मोकळी जागाच उरत नसे. भरणाऱ्याला कितीही हौस असली तरी जास्तीची दारू तो घालणार कुठे? मर्यादा कागदावर लिहायची गरजच नव्हती, ती केसच्या मापातच होती.

हा लगाम सुटला तो बिनधुराच्या दारूमुळे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी ती तयार केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांतही आली. ही दारू थोडीशीच लागते. काळ्या दारूसाठी बनलेल्या त्या ऐसपैस केसमध्ये ती तळाशी पडून राहते. चुकून दोनदा ओतली गेली तरी केस उतू जात नाही, आणि दाब मात्र दुपटीवर थांबत नाही, त्याच्या कितीतरी पुढे जातो. कोल्ट कंपनीने बिनधुराच्या दारूसाठी आपल्या रिव्हॉल्व्हरची हमी दिली ती १९०० च्या सुमारास. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही दारू आजही वापरू नये.

दाब नेमका कुठे घाव घालतो, ते सिलिंडर, म्हणजे काडतुसं ज्याच्या घरांत बसतात तो फिरता भाग, हातात घेतल्यावर कळतं. बाहेरच्या बाजूला सहा छोट्या खाचा असतात. गोळी सुटताना सिलिंडर जागचं हलू नये म्हणून त्यांत खालून एक खिट्टी बसते. सहा घरांच्या कोल्टमध्ये ही खाच नेमकी घराच्या वरच येते, म्हणजे मुळातच पातळ असलेली भिंत तिथे आणखी कोरली जाते. .४५ चं भोक मोठं, त्यामुळे उरणारं पोलाद अगदी कमी. सिलिंडर फुटतं तेव्हा त्याची सुरुवात बहुधा इथूनच होते.

दाब मोजायची जुनी पद्धत साधी होती. चाचणीच्या नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवायचा आणि त्यावर तांब्याचा छोटा ठोकळा ठेवायचा. दाबाने ठोकळा किती चेपला, त्यावरून आकडा काढायचा. पुढे स्फटिकाचे संवेदक आले. या दोन पद्धतींचे आकडे सरसकट एकमेकांत बदलता येत नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवं. अमेरिकेत 'सामी' ही उत्पादकांची संस्था १९२६ मध्ये स्थापन झाली. तिच्या मानकात .४५ कोल्टची कमाल मर्यादा १४,००० पौंड प्रति चौरस इंच आहे, तर .४४ मॅग्नमची ३६,०००. .४५ चा आकडा इतका खाली आहे, कारण त्या मापाची जुनी, अशक्त रिव्हॉल्व्हर आजही लोकांकडे आहेत.

जास्त जोराचा मोह मात्र सुटला नाही. आयडाहोचे बंदूकतज्ज्ञ एल्मर कीथ यांनी १९२० च्या दशकात जास्त दारू भरून .४५ कोल्टचं सिलिंडर फोडलं आणि ते किंचित लहान मापाच्या .४४ स्पेशल काडतुसाकडे वळले. भोक लहान, त्यामुळे भिंत जाड, हा त्यांचा हिशेब. त्यांच्या खटपटीतूनच पुढे १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम आलं. त्याची केस मुद्दाम सुमारे एक अष्टमांश इंच लांब केली, म्हणजे ती जुन्या .४४ स्पेशलमध्ये पूर्ण आत जाऊच नये. १९३५ च्या .३५७ मॅग्नममध्येही हीच युक्ती होती. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, कारण बंदोबस्त पुन्हा पितळातच झाला.

.४५ कोल्टच्या बाबतीत हे झालंच नाही. १९७१ मध्ये रुगर या अमेरिकी बंदूक कंपनीने आपलं दणकट 'ब्लॅकहॉक' रिव्हॉल्व्हर या मापात आणलं. ते कितीतरी जास्त दाब सोसतं, म्हणून पुस्तकांत 'फक्त रुगरसाठी' असे साधारण दुप्पट दाबाचे, किती दारू भरायची ते सांगणारे वेगळे तक्ते छापले जाऊ लागले. भाच्याने पाहिलेली दुसरी मर्यादा ती हीच. केसची लांबी मात्र तीच राहिली. ब्लॅकहॉकसाठी भरलेलं काडतूस १८७० च्या दशकातल्या कोल्टमध्येही सहज बसतं, आणि दोहोंतला फरक फक्त डब्यावरच्या चिठ्ठीत असतो. २००५ मध्ये यात आणखी एक गुंता झाला. रुगरचं १९९३ चं 'व्हॅकेरो' रिव्हॉल्व्हर मोठ्या फ्रेमचं, म्हणजे मोठ्या सांगाड्याचं होतं. त्याच्या जागी आलेल्या 'न्यू व्हॅकेरो'ची फ्रेम मात्र जुन्या कोल्टएवढी लहान आहे. नावात रुगर असलं तरी ते जड तक्ते त्याच्यासाठी नाहीत.

रायफलवाले चपटा झालेला प्रायमर (केसच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी) किंवा अडकलेली केस पाहून दाब ओळखतात. त्या खुणा पितळावर उमटतात त्या १४,००० च्या बऱ्याच पुढे गेल्यावर. म्हणजे खूण दिसेपर्यंत जुनं सिलिंडर टिकेलच असं नाही. म्हणून भाच्याला दोनच गोष्टी बजावल्या: रिव्हॉल्व्हरचं पूर्ण नाव तक्त्याच्या मथळ्याशी ताडून पाहा, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये बॅटरीच्या उजेडात डोकावून बघ.