कॅथलिक ख्रिस्तसभेतील शंका, मतभेद आणि आज्ञापालन

श्रद्धा आणि नीती या विषयांत अधिकृत शिकवण देण्याचा अधिकार पोप व त्यांच्याशी ऐक्य राखणारे बिशप यांच्याकडे आहे, असे कॅथलिक ख्रिस्तसभा मानते. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे ‘पोप म्हणतील ती पूर्व दिशा’ एवढेच दिसते. प्रत्यक्षात मात्र आज्ञापालनाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि शिकवण कोणत्या पायरीची आहे यावरच बहुतेक वाद झाले आहेत.

ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांसारखे ईश्वराने प्रकट केलेले सिद्धांत श्रद्धेनेच स्वीकारावे लागतात. त्याखालच्या, अंतिम म्हणून घोषित न झालेल्या शिकवणुकीसाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरातील बिशपांच्या सभेने) १९६४ मध्ये बुद्धी व इच्छा यांच्या धार्मिक समर्पणाची अपेक्षा व्यक्त केली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, ७५२ व्या कलमात ती आली. त्याच संहितेचे २१२ वे कलम श्रद्धावंतांना आपले मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क देते आणि प्रसंगी ते कर्तव्यही ठरवते. ही दोन्ही कलमे एकत्र वाचल्याशिवाय या विषयाचे खरे रूप कळत नाही.

शंकेकडे ख्रिस्तसभा मतभेदापेक्षा सौम्यपणे पाहते. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानुसार प्रकट सत्य जाणूनबुजून बाजूला सारणे हा दोष आहे. आक्षेपांचे समाधान न झाल्याने मन डळमळणे ही वेगळी अवस्था असली, तरी तीही हेतुपुरस्सर जोपासल्यास आध्यात्मिक अंधत्व येऊ शकते, असा इशारा तेथे आहे. पाखंडाच्या व्याख्येतही नुसत्या शंकेचा नव्हे, तर बाप्तिस्मा घेतलेल्याने हट्टाने धरून ठेवलेल्या शंकेचा उल्लेख आहे. ख्रिस्ताच्या जखमा पाहिल्याशिवाय पुनरुत्थानावर विश्वास ठेवणार नाही असे म्हणणारा थॉमस प्रेषितच राहिला आणि भारतात सुवार्ता आणणारा म्हणून येथील परंपरेत पूज्य ठरला.

उघड मतभेदाचा सर्वांत मोठा प्रसंग १९६८ चा. कृत्रिम संततिनियमनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या आयोगातील बहुमत बदलाच्या बाजूने होते, तरीही पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै रोजी ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकाने जुनी बंदी कायम ठेवली. अमेरिकेतील अनेक धर्मपंडितांनी लगेच जाहीर असहमती नोंदवली. त्यांच्यातील अग्रणी चार्ल्स करन यांना १९८६ मध्ये रोमने, म्हणजे पोपच्या केंद्रीय प्रशासनाने, कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्यास अपात्र ठरवले. १९९० च्या रोमच्या निर्देशाने धर्मपंडितांना अडचणी धर्माधिकाऱ्यांकडेच मांडण्यास सांगितले आणि प्रसारमाध्यमांतून दबाव आणणे अनुचित ठरवले.

आज्ञा पाळूनही विचार न सोडणाऱ्यांचे उदाहरण म्हणजे डॉमिनिकन या धर्मसंघाचे फ्रेंच धर्मपंडित ईव्ह काँगार. १९५४ मध्ये त्यांचे अध्यापन थांबवण्यात आले आणि त्यांना परदेशी धाडण्यात आले. ते गप्प राहिले. परंतु काही वर्षांतच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे तज्ज्ञ म्हणून त्यांना बोलावले गेले, तेथील दस्तऐवजांवर त्यांच्या विचारांची छाप पडली आणि १९९४ मध्ये ते कार्डिनल झाले. त्यांच्या मौनाची किंमत मोठी होती, हे ख्रिस्तसभेने विसरू नये.

दक्षिण आशियातही हा ताण जाणवला. मुंबईत जन्मलेले, लोणावळ्याच्या साधना केंद्राशी निगडित जेझुइट संघाचे धर्मगुरू अँथनी डी मेलो यांच्या लेखनातील काही मते श्रद्धेशी विसंगत असल्याचे रोमने १९९८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी जाहीर केले; उत्तर द्यायला ते हयात नव्हते. श्रीलंकेचे धर्मगुरू तिस्सा बालसूर्य यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. येशूची आई मरिया हिच्यावरील त्यांच्या पुस्तकामुळे रोमने त्यांना खास तयार केलेल्या श्रद्धाकथनावर (श्रद्धेच्या जाहीर कबुलीवर) सही करण्यास सांगितले. त्यांनी त्याऐवजी सहाव्या पॉल यांच्या श्रद्धाकथनावर सही केली, पण धर्मशास्त्राचा विकास आणि शोध घेणाऱ्याचे स्वातंत्र्य यांचा उल्लेख करणारी एक पुस्ती जोडली. ती रोमला मान्य झाली नाही आणि जानेवारी १९९७ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. वर्षभराने पुस्तीशिवाय तेच श्रद्धाकथन म्हटल्यावर बहिष्कार उठला.