सिमेंटच्या पिंपात खरंच ‘हिरवं पाणी’ असतं का?

‘अणुकचरा म्हणजे चमकणारं हिरवं पाणी, सिमेंटच्या पिंपात भरून पुरतात, पिंप तडकलं की थेट विहिरीत.’ हा मजकूर आमच्या गावात वर्षानुवर्षं फिरतोय. जिथं सगळं विहिरीवर, तिथं भीती वाटणारच.

पण पिंपात पाणी हिंदकळत नसतं. कमी तीव्रतेचा द्रव कचरा सिमेंटमध्ये कालवून त्याचा घट्ट ठोकळा करतात. घरातला लाल कोबा आठवा. रंग वर फासलेला नसतो, सिमेंटमध्येच मुरलेला असतो. तडा गेला तरी तो वाहून जात नाही. कचऱ्यातलं सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य मात्र पाण्यात विरघळणारं, म्हणून त्याला धरून ठेवायला बेंटोनाइटसारखी माती मिसळतात. गंमत म्हणजे ही फुगणारी चिकणमाती आपल्या कपाशीच्या काळ्या रानाचीच भावकी!

सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मं होतं; ३०० वर्षांत साधारण हजारावा भाग उरतो. सिमेंटला एवढाच काळ तग धरायचा असतो, तोही एकट्यानं नाही: बाहेर काँक्रीटचे खंदक, भोवती पाणी तपासायला बोअर. अतितीव्र कचरा सिमेंटमध्ये नाही, काचेत वितळवून पोलादी डब्यात बंद करतात.

पडताळायचं तर अकरावी-बारावीच्या मास्तरांना अर्धायुष्याचं गणित मांडायला सांगा. दहा वेळा निम्मं करा, बस.