पोथी लावणं आणि पुराण सांगणं

लांबण लावणाऱ्याला आपण सहज म्हणतो, "काय पुराण लावलंयस?" "काय पोथी लावलीयस?" असं मात्र कोणी म्हणत नाही. बोलीला हा फरक पक्का ठाऊक आहे. जुन्या वाड्यांतल्या संध्याकाळींबद्दल लिहिणारे तेवढे दोन्ही एकाच ओळीत टाकतात.

चूक होते, कारण लांबून दोन्ही सारखंच दिसतं. साताऱ्या-सांगलीकडच्या सरदारी नि संस्थानी घरांत दोन्ही चाले. दिवेलागण झाली, की चौरंगावर ग्रंथ, शेजारी समई, समोर घरची मंडळी.

पुराणाला पुराणिक लागतो. ग्रंथ संस्कृत, बहुधा भागवत. तो श्लोक म्हणतो, मराठीत अर्थ फोडून सांगतो, दृष्टान्त देतो, आडवाटेला जातो आणि परत येतो. मोठ्या घरातून त्याला वर्षासन, म्हणजे दरसालची नेमणूक, मिळे, समाप्तीला दक्षिणा. श्रोत्यांपर्यंत पोचतं ते त्याच्या बुद्धीतून गाळून आलेलं. विद्वान रसाळ असेल तर चातुर्मास सोन्याचा, नसेल तर नुसतं पाल्हाळ. 'पुराणातली वांगी पुराणात' ही म्हण सांगणाऱ्यावरच आहे, ग्रंथावर नाही.

पोथी वाचायला अक्षरओळख आणि गळा पुरतो. श्रीधर कवीचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे ग्रंथ मराठी ओवीत आहेत, त्यामुळे मधे अर्थ सांगणारा नकोच. घरातला मुलगा, लेखनिक किंवा वाचता येणारी सासुरवाशीणही वाचू शकते. 'हरिविजया'चे ३६ अध्याय, 'रामविजया'चे ४०, 'पांडवप्रतापा'चे ६४. रोज एक म्हटला तर 'पांडवप्रताप' दोन महिने पुरतो आणि उद्या काय होणार ही हुरहूर रोज उरते. देवाचं काम आणि करमणूक इथे वेगळी काढताच येत नाहीत, आणि मला तेच पोथीचं मोठेपण वाटतं. पानं सुटी, आडवी, लांबट. वाचलेलं पान पालथं ठेवायचं. माजघरात वाती वळत बसलेल्या बायकांना ओवी आधीच पाठ असते, वाचणारा अडखळला की शब्द आतून येतो. कृष्णजन्माच्या अध्यायाला सुंठवडा वाटतात. ग्रंथही कानांसाठीच रचलेला: अध्याय संपवताना श्रीधर 'परिसोत' म्हणतो, म्हणजे ऐकोत.

इथे पारायणाचीही गल्लत होते, पण ते सोपं आहे. पारायण ठरलेल्या दिवसांत, नेमधर्माने पुरं करायचं असतं. ऐकायला कोणी नसलं तरी ते होतं. श्रोत्यांवाचून लावलेली पोथी मात्र मुकी.

सांगलीच्या नाटकाचं मूळ सांगतानाही कोणी 'वाड्यातलं पोथीवाचन' म्हणतं, ते मला पटत नाही. १८४३ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्यात सूत्रधार पद म्हणे आणि पात्रं पुढचं आपल्या शब्दांत बोलत. बांधलेलं पद्य आधी, मोकळं बोलणं मागून, ही चाल पुराणिकाची आहे. पोथी वाचणारा स्वतःचा एक शब्दही घालत नाही. अध्याय संपला, की पानं जुळवून रुमालात बांधतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उघडतो.