उंचीतून शंभर वजा : वजनाविषयीच्या गैरसमजांची पार्श्वभूमी

रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं यंत्र अनेकांना आठवत असेल. लुकलुकणारे रंगीत दिवे, काचेमागे फिरणारी चकती आणि नाणं टाकलं की खटकन बाहेर पडणारं जाड पुठ्ठ्याचं तिकीट. तिकिटाच्या एका बाजूला वजन छापलेलं असे आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. वजनाच्या आकड्यात माणसाचं पुढचं आयुष्य वाचता येतं, ही समजूत मात्र त्या यंत्राहून खूप जुनी आहे. ती प्रथम मनावर घेतली विमा कंपन्यांनी.

आपल्याकडे ‘योग्य वजन किती?’ असं विचारलं की घरातलं कुणीतरी चटकन सांगतं, ‘उंचीतून शंभर वजा कर.’ म्हणजे सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा केले की उरतील तेवढे किलो. या सूत्राला एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांचं नाव चिकटलेलं आहे. तोंडी हिशोबाला सोपं असल्यामुळेच ते इतकी वर्षं टिकलं. दवाखान्याच्या भिंतीवर दिसणारे उंची-वजनाचे तक्ते मात्र अमेरिकेतून आले. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४२-४३ मध्ये स्त्री-पुरुषांच्या ‘आदर्श’ वजनाचे तक्ते काढले आणि १९५९ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. कोणत्या वजनाचे विमाधारक जास्त जगतात, एवढंच कंपनीला जाणून घ्यायचं होतं, कारण हप्ता त्यावर ठरणार होता. तक्त्यात लहान, मध्यम आणि मोठा बांधा असे रकाने होते, पण विमाधारकांचा बांधा कुणी मोजलेलाच नव्हता. १९५९ च्या तक्त्यातलं वजन कपड्यांसकट आणि उंची बुटांसकट धरलेली होती. शिवाय आयुर्विमा घेणारे लोक प्रामुख्याने गोरे, मध्यमवर्गीय अमेरिकन. अशा रीतीने मिळालेला आकडा पुढे जगभरच्या दवाखान्यांत माणसाच्या तब्येतीचं माप म्हणून वापरला गेला.

वजनाविषयीच्या बहुतेक गैरसमजांचा इतिहास असाच आहे. कुणीतरी एका विशिष्ट कामासाठी काहीतरी मोजलं किंवा सांगितलं, ते त्या जागी बऱ्यापैकी बरोबरही होतं. मग ते तिथून उखडून भलत्याच जागी लावलं गेलं. आणि दुसऱ्या जागी ते रुजलं नाही तेव्हा दोष लागला माणसाला. ‘तुझाच जिभेवर ताबा नाही’ हे वाक्य किती जणांनी, त्यातही किती जणींनी, खाली मान घालून ऐकलं असेल.

कॅलरीच्या हिशोबाइतकं हे दुसरीकडे कुठे ठळकपणे दिसत नाही.

अन्नातली ऊर्जा मोजण्याचं मोठं काम अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलं. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९ कॅलरी, हे आजही पाकिटांमागे छापले जाणारे आकडे त्याच कामातून आले. त्या काळातली खरी चिंता कामगारांना कमी पैशांत पुरेसं पोषण कसं मिळेल ही होती. वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजायची सवय लोकांना लावली ती कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांच्या १९१८ च्या पुस्तकाने. आज आहारतज्ज्ञाच्या कागदावर दिसणारा १,२०० कॅलरींचा आकडा तेव्हापासून फिरतो आहे.

पुढचं पाऊल १९५८ मधलं. न्यूयॉर्कचे डॉक्टर मॅक्स विश्नॉफस्की यांनी हिशोब मांडला की एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी. किलोत सांगायचं तर सुमारे ७,७००. चरबीच्या ऊतीत साठलेल्या ऊर्जेचं माप म्हणून हा आकडा वाईट नाही. बिघडलं ते त्याचा त्रैराशिकासारखा वापर सुरू झाल्यावर. रोज एक पोळी कमी केली, ती समजा १०० कॅलरींची, तर वर्षाला ३६,५०० कॅलरी, म्हणजे पावणेपाच किलो. याच हिशोबाने दहा वर्षांत ४७ किलो. रोजची एक पोळी सोडून कुणी ४७ किलोंनी उतरलेलं नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही पहिल्या वर्षाचं गणित आपण बिनतक्रार खरं मानतो आणि तेवढं वजन उतरलं नाही की ‘चोरून खाल्लं असणार’ म्हणतो.

शरीर स्थिर राहत नाही, तिथेच हे गणित फसतं. वजन उतरलं की लहान झालेल्या शरीराला कमी ऊर्जा लागते, चालताना कमी ओझं वाहावं लागतं आणि त्याखेरीज शरीर आपणहून खर्च आवरतं घेतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यासाठी अधिक वास्तव हिशोब दिला. रोजच्या सुमारे २४ कॅलरींच्या कायमच्या फरकामागे शेवटी एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा होण्यास साधारण एक वर्ष लागतं आणि जवळजवळ सगळा होण्यास तीन वर्षं. म्हणजे त्याच एका पोळीने पहिल्या वर्षी दोनेक किलो आणि अखेरीस चारेक किलो उतरतील, मग काटा थांबेल. काटा थांबणं हे शरीराचं नेहमीचं वागणं आहे. त्यात कुणाचीही लबाडी नाही. ही एक गोष्ट वजन कमी करायला निघालेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

शरीर खर्च आवरतं हे त्याच्या कितीतरी आधी दिसलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला सदसद्विवेकाने नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. युरोपातल्या उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालावं, हे त्यातून शिकायचं होतं. २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी मिळाल्या आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं गेलं. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशाने घटलं, आणि विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च त्याहूनही जास्त प्रमाणात घटला. त्यांना सतत थंडी वाजे, चिडचिड होई, उदास वाटे. डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही येईना. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उपासमार संपल्यावर ते पोट भरूनही खात राहिले. ती धष्टपुष्ट, निवडून घेतलेली मुलं होती. त्यांना ‘मनाचा निग्रह नाही’ असं कुणी म्हणू शकणार नाही. ज्या आहाराला तिथे उपासमार म्हटलं गेलं, त्याहून कमी कॅलरींचा कागद आज घर-नोकरी सांभाळणाऱ्या बाईच्या हातात सहज ठेवला जातो.

२०१६ मध्ये वजन घटवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा सहा वर्षांनंतरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्पर्धेत त्यांचं सरासरी ५८ किलो वजन उतरलं होतं, त्यातलं ४१ किलो परत आलं होतं. तरी त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला ५०० च्या आसपास कॅलरी कमी खर्च करत होतं.

घरगुती समजुतींकडे वळलं तरी हेच उखडणं दिसतं. सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात मध-लिंबू घेतलं की चरबी वितळते, हे जवळजवळ प्रत्येक मराठी घरात सांगितलं जातं आणि त्याला आयुर्वेदाचा आधार दिला जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय, अष्टौनिन्दितीय, अतिस्थूल आणि अतिकृश माणसांविषयी सविस्तर बोलतो. स्थूल माणसासाठी सांगितलेल्या गोष्टींत मध आहे हे खरं. पण त्याच्या जोडीला जव, कुळीथ, मूग, ताक आणि व्यायाम आहे, आणि तत्त्व सांगितलं आहे ते ‘गुरु चातर्पणं’, म्हणजे पचायला जड पण पोषण कमी असं अन्न. पोट भरावं आणि शरीर वाढू नये, हा विचार आजच्या तंतुमय आहाराच्या सल्ल्याच्या किती जवळचा आहे! याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात उष्ण मध घातक म्हटला आहे. म्हणजे चरकाच्या नावाने आपण रोज सकाळी करतो ते चरकानेच वर्ज्य सांगितलं होतं. आजच्या भाषेत, मोठा चमचाभर मध म्हणजे सुमारे ६० कॅलरी. सकाळच्या दुधाच्या चहाऐवजी ते पाणी घेतलं तर दूध-साखर टळते, आणि काही जणांना फरक वाटतो तो बहुधा त्यामुळे.

पोटाचे व्यायाम केले की पोट उतरतं, ही समजूत तपासून पाहणं सोपं होतं आणि ते झालंही. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांवरची चरबी मोजली. खेळणारा दंड स्नायूंनी भरला होता, पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्हीकडे सारखीच होती. १९८४ च्या एका प्रयोगात पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ उठाबैठका मारल्या, आपल्या जोर-बैठकांतल्या नव्हेत, पाठीवर झोपून धड उचलण्याच्या. त्यानंतरही पोटावरच्या चरबीपेशी इतर ठिकाणच्या पेशींहून जास्त लहान झाल्या नाहीत.

मग आपल्याकडचा २०१८ च्या सुमाराचा गाजलेला वाद. ‘दीक्षित की दिवेकर?’ या प्रश्नावरून कुटुंबाकुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तट पडले होते. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांचा वारसा सांगत डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत होते, दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा आणि ५५ मिनिटांत जेवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं खा म्हणत होत्या, आणि तूप-भाताची भीती घालवत होत्या. वारंवार खाण्याच्या बाजूचा एक जुना धागा १९६४ मध्ये प्रागहून आला. तिथल्या साठीतल्या पुरुषांत कमी वेळा जेवणारे अधिक स्थूल आढळले. पण स्थूल माणसं वजन उतरवण्यासाठी जेवणं गाळतात, म्हणजे कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. पुढे १९९७ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. तेवढंच अन्न दोनदा खाल्लं काय किंवा सहादा विभागून खाल्लं काय, दिवसभराच्या ऊर्जेच्या खर्चात फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे ‘वारंवार खाल्ल्याने चयापचय पेटतं’ हे खरं नाही. दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेली माणसं मात्र खरी आहेत. येताजाता तोंडात टाकायचा फरसाण-बिस्किटांचा खाऊ दोन्हीकडे सुटतो, याकडे त्या वादात फार कमी लक्ष गेलं.

आता पुन्हा काट्याकडे. विम्याच्या तक्त्यांची जागा पुढे बीएमआयने घेतली. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागण्याचं हे सूत्र बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात काढलं. त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते हवं होतं, लठ्ठपणाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. १९७२ मध्ये मिनेसोटाच्याच अ‍ॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासून ते सूत्र लोकसंख्येच्या अभ्यासासाठी सुचवलं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. त्यात स्त्रिया नव्हत्या आणि भारतही नव्हता.

त्याचं उत्तर पुण्यातून आलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय अगदी एक, २२.३. क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोन डॉक्टरांनी स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ‘मी तर बारीक आहे, मला कशाची साखर?’ असं म्हणणाऱ्या आपल्या काका-मावशींना तो एक फोटो पुरेसा आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ बीएमआयपासूनच सावध होण्याची शिफारस केली. पोटाच्या घेराची आपल्याकडची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८०. घेर मोजायचा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. शिवणकामाची टेप त्याला पुरते.

याज्ञिकांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांपासून एक अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. ही आठशे ग्रॅमची तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र बऱ्याच अंशी टिकून होती. काट्यावर ती बाळं हलकीच भरत होती. आता ती तिशीच्या आसपास आहेत.