श्रेणीबद्ध सूक्ष्मरचित पदार्थांचे संगणकीय सदृशीकरण

वस्तूच्या अंतर्भागातील घनता, संघटन किंवा सूक्ष्मरचना जागोजागी क्रमाने बदलत नेल्यास तिचा कडकपणा, वजन आणि उष्णतावहन यांवर काय परिणाम होईल, हे त्रिमितीय छपाईपूर्वीच गणिताने ठरवण्याचे तंत्र. श्रेणीबद्ध पदार्थांवर पद्धतशीर काम १९८० च्या दशकाच्या मध्यास जपानमध्ये अवकाशविमानाच्या उष्णतारोधक कवचासाठी सुरू झाले. धातू व सिरॅमिक यांचा थेट सांधा तापमानातील तीव्र फरकामुळे तडकतो, म्हणून एकाचे प्रमाण घटवत दुसऱ्याचे वाढवत नेण्यात आले. छपाईमुळे हाच परिणाम एकाच धातूतील पोकळ्या लहानमोठ्या करूनही साधता येतो.

कृत्रिम खुब्याच्या सांध्यात याचे महत्त्व विशेष जाणवते. भरीव टायटॅनियम मिश्रधातूचा यंग गुणांक (पदार्थाच्या कडकपणाचे माप) सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या कठीण थराचा साधारण २० च्या आसपास असतो. त्यामुळे बराचसा भार धातूच पेलतो आणि भार न मिळालेले भोवतीचे हाड विरळ होत जाते. यावर उपाय म्हणजे भरीव धातूऐवजी बारीक दांड्यांची पोकळ जाळी. ज्या जाळीतील दांड्या मुख्यतः वाकून भार पेलतात, तिचा कडकपणा ढोबळमानाने सापेक्ष घनतेच्या (भरीव धातूच्या तुलनेतील घनतेच्या) वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यानुसार ४० टक्के घनतेच्या जाळीचा गुणांक १८ गिगापास्कलच्या जवळ येतो.

प्रत्येक दांडी गणनेत घेणे मात्र फार खर्चिक ठरते. ३० मिलिमीटर बाजूच्या घनात १ मिलिमीटरच्या २७,००० कोशिका (जाळीतील पुन्हापुन्हा येणारे एकक) मावतात आणि प्रत्येक कोशिकेचे ८,००० घटक केले, तर फायनाइट एलिमेंट पद्धतीत (वस्तूचे लहान घटकांत विभाजन करून गणना करण्याच्या पद्धतीत) २१.६ कोटी घटक सोडवावे लागतात. म्हणून समांगीकरण करतात: एका कोशिकेचे सरासरी गुणधर्म काढून ते सलग पदार्थाचे मानले जातात. १९८८ मध्ये बेंडसो व किकुची या संशोधकांनी याच पायावर रचनेच्या इष्टतमीकरणाची पद्धत मांडली. तथापि, शेजारची कोशिका जवळजवळ तशीच आहे हे या पद्धतीचे गृहीतक असल्याने घनता झपाट्याने बदलते तिथे आणि पृष्ठभागालगत ही सरासरी फसवी ठरते. नेमक्या अशाच जागी तडे सुरू होण्याचा धोका असल्याने तिथे प्रत्यक्ष भूमिती घेऊनच गणना करणे आवश्यक आहे.

आराखड्यातील भूमितीही पुरेशी नसते. दांडीचा व्यास १० टक्के कमी भरला, तर तिचा वाकण्याविरुद्धचा कडकपणा सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. उलट, अर्धवट वितळून पृष्ठभागाला चिकटलेले भुकटीचे कण वजन वाढवतात, पण बळकटीत फारशी भर घालत नाहीत. यासाठी छापलेल्या नमुन्याचे सूक्ष्म सीटी स्कॅन करून त्यातील प्रत्यक्ष आकार गणनेत घेतला जातो.