गुंगीच्या औषधाचा गुन्हा: कलम 328 ते कलम 123

पेयात किंवा खाण्यात गुंगीचे औषध कालवून देणाऱ्यावर आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 123 खाली गुन्हा दाखल होतो. 1 जुलै 2024 पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 328 खाली होत असे. दोन्हींचा मजकूर जवळपास एकच असून, दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड ही 1860 साली ठरलेली शिक्षाही कायम आहे.

त्या काळी या गुन्ह्याचे मुख्य हत्यार धोतरा होते. वाटसरूशी सलगी करायची, त्याच्या जेवणात धोतऱ्याचे बी वाटून घालायचे आणि तो भ्रमिष्ट झाला की ऐवज घेऊन पसार व्हायचे, अशी रीत होती. गळा आवळणाऱ्या ठगांहून वेगळे असे हे लुटारू ‘धतुरिया’ म्हणून ओळखले जात. धोतऱ्याचे बी मिरचीच्या बियांसारखे दिसते, त्यामुळे तिखट कालवणात ते सहज खपून जाई. बाहुल्या विस्फारलेला, असंबद्ध बडबडणारा माणूस शुद्धीवर आल्यावरही घडलेले नीट सांगू शकत नसे. मुंबई इलाख्यात विषांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा 1866 साली झाला खरा, पण उकिरड्यावर उगवणाऱ्या झुडपाला परवाना कोण मागणार?

कलमाची रचना मात्र दूरदृष्टीची होती. त्यात पदार्थाचे नाव नाही. विष किंवा गुंगी आणणारे, मादक अथवा अपायकारक औषध वा अन्य वस्तू एवढेच म्हटले आहे. दुखापत करण्याच्या, गुन्हा करण्याच्या किंवा तो सुकर करण्याच्या उद्देशाने ती देणे पुरेसे आहे. दुखापत होण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही दिली, तरी कलम लागू होते. म्हणूनच रेल्वेच्या डब्यात बिस्किटातून दिलेली झोपेची गोळी आणि पार्टीतल्या ग्लासात टाकलेली पूड यांच्यासाठी नवे कलम लागले नाही. गुटखाबंदीनंतर महाराष्ट्रात गुटखा विक्रेत्यांवरही कलम 328 लावले गेले. ही ओढाताण होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत भर पडली ती 1983 साली. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, त्या निकालावर देशभर संताप उसळला आणि त्यातून बलात्काराची व्याख्या बदलली. नशेमुळे किंवा आरोपीने स्वतः अथवा दुसऱ्याकरवी दिलेल्या गुंगीच्या पदार्थामुळे संमतीचे स्वरूप व परिणाम समजू न शकणाऱ्या स्त्रीची संमती ही संमतीच नव्हे, हे तेव्हा व्याख्येत आले. ती तरतूद आता न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे.

औषधविक्रीवरील पकड उशिरा घट्ट झाली. अल्प्राझोलामसारख्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या मार्च 2014 पासून ‘एच-1’ अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत आणि त्यांच्या विक्रीची नोंदवही औषध दुकानदाराला तीन वर्षे जपावी लागते. न्यायालयात खरी अडचण येते ती पुराव्याची. काही द्रव्ये रक्तातून काही तासांतच नाहीशी होतात. पीडित व्यक्ती शुद्धीवर येऊन पोलीस ठाणे गाठेपर्यंत आणि रक्त-लघवीचे नमुने घेतले जाईपर्यंत, न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या हाती फारसे काही उरत नाही.