कपाळावरची थरथर

रानात हत्ती पाहायला गेलेल्या माणसाला पहिले आश्चर्य वाटते ते एवढा मोठा प्राणी दिसत कसा नाही याचे. तळव्यातील चरबीच्या जाड गादीमुळे तीन-चार टनांचा देह पाचोळ्यावरूनही फारसा आवाज न करता जातो आणि दाट बांबूत उभा राहिलेला हत्ती अगदी जवळूनही नजरेतून सुटतो. म्हणून निरीक्षक मोकळ्या जागा शोधतात. कोरड्या ऋतूत लहान पाणवठे आटले की हत्ती मोठ्या जलाशयांकडे वळतात. श्रीलंकेतील मिन्नेरिया तलावाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि ते खायला शेकडो हत्ती जमतात.

इतक्या हत्तींतून एकेकाला ओळखायचे ते कानांवरून. कानाच्या वरच्या कडेची घडी, फाटलेल्या कडा, भोके आणि त्वचेवरील गुलाबी ठिपके यांची नोंद ठेवली तर तोच हत्ती पुढच्या वर्षीही ओळखता येतो. सुळ्यांचा उपयोग मर्यादित आहे, कारण आशियाई हत्तिणींना मोठे सुळे नसतातच आणि नरांतही बिनसुळ्यांचे मखना असतात. श्रीलंकेत तर बहुतेक नर तसेच. हत्ती दिसला नाही, तरी त्याची उंची मात्र मोजता येते: पुढच्या पायाच्या ठशाचा परीघ दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची जवळपास मिळते.

संथपणे कान हलवत, उपटलेले गवत पायावर आपटून माती झाडणारा हत्ती निवांत असतो. कान पसरून स्थिर झाले आणि सोंडेचे टोक हवेत वर गेले, की त्याला कसला तरी वास लागलेला असतो, आणि बहुधा तो आपलाच असतो. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून काळपट ओघळ गालावर उतरलेला नर माजावर असतो. त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले असते. अशा वेळी वही मिटून अंतर वाढवणे हेच खरे शास्त्र.

सर्वांत सूक्ष्म खूण कपाळावर दिसते. 1984 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभ्या असलेल्या, प्राण्यांच्या आवाजांच्या अभ्यासक केटी पेन यांना हवेत एक धडधड जाणवली, पण ऐकू काहीच आले नाही. ध्वनिमुद्रणांच्या तपासणीत ते हत्तींचे हुंकार निघाले, 14 ते 24 हर्ट्झचे, म्हणजे माणसाच्या श्रवणशक्तीच्या खालच्या सीमेवरचे. आणि असा हुंकार देताना हत्तीच्या कपाळाची त्वचा थरथरते. इतका खालचा ध्वनी झाडीतून फारसा न विरता दूरवर पोहोचतो. त्यामुळे चरणारा कळप कधी एकाएकी थबकतो, कान बाहेर काढून क्षणभर स्तब्ध राहतो आणि मग सगळा मिळून एकाच दिशेने चालू लागतो, तेव्हा दुर्बीण लावून बसलेल्या माणसाच्या कानी पाखरांखेरीज काहीही आलेले नसते.